तिसरी चूक

माणसं अडतीस, कुत्रा एक. पडदा उजळायच्या आधी समृद्धीनं स्वतःला धरून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

अडतिसाव्या भागूआजी. त्या सगळ्यांच्या मागे, उसाच्या कडेला पोतं टाकून एकट्याच बसल्या होत्या. अंगाभोवती ठिपक्याठिपक्यांची पिवळट शाल.

"आजी, पुढं या की."

"नगं बया. त्यो डबा लई बोंबलतोय," स्पीकरकडे हात करत त्या म्हणाल्या.

पिंपळवंडीच्या या वस्तीत अंगणाच्या कोपऱ्यावर एक खांब होता. त्यावर समृद्धीचं यंत्र. एम.एस्सी. झाल्यापासून वर्षभर ती त्याच्याच मागे होती. कॅमेऱ्यात जे दिसेल त्याभोवती ते चौकट काढायचं, माणूस की कुत्रा की बिबट्या ते ठरवायचं, आणि बिबट्या असला की भोंगा वाजवायचं.

चुकलं होतं दोनदा. एकदा जानकूभाऊंच्या मोती कुत्र्याला बिबट्या म्हणालं, एकदा वाऱ्यानं फडफडणाऱ्या ताडपत्रीला. दोन्ही वेळा अख्खी वस्ती काठ्या घेऊन धावली.

"तिसऱ्यांदा चुकलं की खांब उतरवायचा, पोरी," कुंडलिकभाऊंनी सांगून टाकलं होतं. ते ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि खांब त्यांच्याच जागेत. "आमी कांदा काढायचा का तुझ्या भोंग्यामागं पळायचं?" आज भोंगा बंदच ठेवायचा, हेही त्यांनीच बजावलं होतं. कार्यक्रमात विघ्न नको.

कार्यक्रम म्हणजे मालिका. तिच्यातलं त्रिकाल नावाचं यंत्र शहर वेठीला धरायचं, आणि वस्ती दोन वर्षं रोज त्याच्या नावानं बोटं मोडायची. आता तिची पूर्वकथा आली होती. त्रिकाल जन्मला कसा, इथपासून. पहिला भाग मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघू, ही कल्पना समृद्धीची. यंत्राचं लहानपण बघून लोक काय म्हणतात ते तिला ऐकायचं होतं.

दिवे मालवले. नावं सरकली. मग एका खोलीत टेबलावर डब्याएवढं काहीतरी डोळा मिचकावू लागलं.

"ह्यो त्रिकाल?" जानकूभाऊ ओरडले. "ह्ये तर खेळणं हाय राव!"

डबा ज्या बाईनं बनवला होता तिची म्हातारी आई समोर येऊन बसली. डब्यानं तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "पोतं."

अंगण हसून फुटलं.

"समृद्धीच्या घरचंच दिसतंय!" कोणीतरी म्हणालं. समृद्धीही हसली, पण तिची नजर खांबाकडे गेली.

पडद्यावरची म्हातारी रागावली नाही. रोज त्याच्यासमोर येऊन बसू लागली. हळूहळू अंगण गप्प झालं. एवढ्यात मोती मागून सरपटत आला आणि जानकूभाऊंच्या खुर्चीखाली शिरला. थरथरत होता. "आवाजाला भ्यालं येडं," म्हणत त्यांनी त्याला पायानं थोपटलं.

समृद्धीचा मोबाइल थरथरला. खांबावरचं चित्र आलं होतं. अंधुक, पण सगळ्यात मागे, उसाच्या कडेला, ठिपक्यांच्या आकृतीभोवती लाल चौकट. बिबट्या, चौऱ्याण्णव टक्के.

तिनं खाली मोजणी पाहिली. माणसं एकानं कमी, बिबट्या एक. बेरीज अडतीसच. म्हणजे आजींची शाल.

तिसरी चूक. मोबाइल खिशात टाकला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण आकडा दडपायची तिला सवय नव्हती. तिनं तो कुंडलिकभाऊंपुढे धरला.

त्यांनी वाचलं, वळून मागे पाहिलं. पडद्याचा उजेड जेमतेम पोचत होता तिथं एक गोल आकृती जागची न हलता पडद्याकडे बघत बसली होती.

"आजी रमल्यात की," ते पुटपुटले, आणि तोंडावर उपरणं धरून हसत राहिले.

शेवटी शेवटी पडद्यावर वीज गेली. त्या खोलीतल्या अंधारात म्हातारी खोकली. आणि तो डबा पहिल्यांदाच म्हणाला, "आई."

पुढं बसलेल्या सरूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "मेल्याला दोन वर्स शिव्या घातल्या म्या."

दिवे लागले. मागचं पोतं रिकामं होतं. कुंडलिकभाऊ उठून उभे राहिले आणि मोबाइलची गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली. लोक पोट धरून हसले.

"आता बोला. बोलल्याप्रमानं खांब उतरवायचा का?"

"कशापायी?" सरूबाई म्हणाल्या. "लेकरू हाय ते. शिकंल."

"गेल्या साली माझ्या दोन शेळ्या नेल्या बिबट्यानं. औंदा एक बी न्हाई," जानकूभाऊ म्हणाले. "चुकलं तर चुकलं. जागं तर ऱ्हातंय आपल्यासाठी! समृद्धी, तुझं लई उपकार हायेत पोरी. बोललो न्हाई कदी, एवढंच."

हात वर झाले. सगळेच.  समृद्धीनं हात जोडले.

तेवढ्यात भागूआजींची सून शीला चहाची किटली घेऊन घरून आली. पहिला कप तिनं समृद्धीच्या हातात दिला.

"वहिनी, आजींना सांगा, यंत्रानं त्यांना बिबट्या म्हटलं, राग मानू नका. त्यांच्यामुळंच वाचलं ते आज."

"कवा म्हनलं?"

"आत्ता, मालिका चालू असताना. मागं बसल्या होत्या ना."

"आत्त्या?" शीला हसली. "त्या तर नावं सरकत व्हती तवाच घरी आल्या. कान किटले म्हनल्या. तवापासनं शाल पांघरून माझ्या चुलीपाशी बसल्यात."

समृद्धीनं कप खाली ठेवला. मोबाइल काढला आणि यंत्राची मोजणी पुन्हा वाचली.

माणसं सदतीस, कुत्रा एक, बिबट्या एक.