समोरच्या घरची कोंबडी

"नाव विचारलं का तेवढं सांग. बाकी मी बोलते," म्हणत चांगुणाने म्हातारीच्या कपाळावर घोंगडी ओढली.

"जीव घुसमटतो गं."

"घुसमटू दे. जीप आली."

पेठच्या तहसील कचेरीतून मोहिनी मॅडम आल्या होत्या. निराधार म्हाताऱ्यांच्या सरकारी पगाराची तपासणी यंदापासून घरोघर होत होती. मधल्या दलालांनी फार खाल्लं होतं. म्हणून गावातलं कुणी सोबत घ्यायचं नाही, माणूस समक्ष बघायचं, असा नवा हुकूम होता.

चांगुणाचा नवरा मंगळू दिंडोरीकडे द्राक्षबागेत राबत होता. कणगीतली नागली तळाला गेली होती. पगार थांबला तर दोघी बायकांची चूल थांबणार होती.

"ठमाबाई कोण?" मोहिनीने दारातून विचारलं.

म्हातारीने वळून चांगुणाकडे पाहिलं. चांगुणाने तिच्या पाठीत बोट खुपसलं.

"मीच की."

"आत्याला ऐकू कमी येतं," चांगुणा हसली. "माझी शिवी तेवढी बरोबर ऐकू जाते."

मोहिनीही हसली आणि ओट्यावर टेकली. भादव्यातलं ऊन पडलं होतं. पडवीच्या कौलांवर पानावर भाताचे दोन घास ठेवलेले दिसत होते.

"पितरं का? कुणाची?"

"सासऱ्याची."

"मग घास दोन?"

"कावळेबी दोन येतात, बाई."

तेवढ्यात समोरच्या घराकडून एक तांबडी कोंबडी तुरुतुरु आली आणि थेट म्हातारीच्या मांडीत जाऊन बसली. म्हातारीचा हात आपोआप तिच्या पाठीवरून फिरला.

"हाड! समोरच्या घरची हाय. लय सोकावलीय," चांगुणाने तिला हुसकलं. कोंबडी उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली.

मोहिनीने म्हातारीकडे नीट पाहिलं. वरच्या ओठावर घाम होता.

"आजी, सून छळत नाही ना? घाबरू नका, सांगा मला."

"नाय. ती खाते त्यातलंच मला देते."

"मग उन्हाचं हे घोंगडं कशाला?"

"थंडी वाजते."

"विचारावं लागतं हो. परवा एका गावात मेलेल्या माणसाचा पगार उचलत होते. दोघांना पोलिसांनी नेलं."

चांगुणाने आणलेला चहा घाईने मोहिनीपुढे सरकवला. चहा बशीत सांडला.

म्हातारीने मोहिनीच्या कागदावर अंगठा उठवला. शाई घोंगडीला पुसली. संपलं एकदाचं, असं चांगुणाच्या तोंडावर दिसलं. पण मोहिनी उठली नाही. तिने समोरच्या घराकडे बोट केलं. त्या दाराची कडी तारेने बांधलेली होती.

"यशोदाबाई तिथेच राहतात ना? कुठे गेल्या?"

चांगुणाने कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"चांगली बातमी आहे त्यांना. मोठा मुलगा आहे म्हणून त्यांचं नाव मागे काढून टाकलं होतं. मुलगा तर वर्षानुवर्षं फिरकत नाही. आता तो नियम बदललाय. सांभाळत नसेल तर मुलगा मोजायचा नाही. मंजूर झालंय त्यांचं, कायमचं. फक्त तोंड बघायचं राहिलंय."

"रानात गेली असंल," चांगुणा म्हणाली. तिचा हात म्हातारीच्या खांद्यावर घट्ट दाबला गेला होता.

"येतील की. जीप संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच आहे. त्यांना बघितल्याशिवाय मी हलत नाही. हवं तर शेजारीपाजारी विचारून येते, कुठल्या रानात गेल्यात ते." मोहिनी चपला घालू लागली.

म्हातारीने मांडीतल्या कोंबडीला दोन्ही हातांनी धरलं.

"नका जाऊ, बाई. ती मेली. आषाढातच मेली," यशोदाबाई म्हणाली.