अडवलेला गोल

"अवो, पडतोय की मी!" ओबिन्ना नव्याने शिकलेल्या कोल्हापुरीत ओरडत होता, पण ऐकतंय कोण? हलगी कडाडत होती आणि अख्खी पेठ त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती. शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवर त्याने छातीने चेंडू अडवला होता आणि पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाने अंतिम सामना एक-शून्य असा जिंकला होता.

नायजेरियातून निघून तो तीन देशांत डिफेंडर म्हणून खेळला. सगळीकडे गोल करणारे खांद्यावर चढले. हा मागे टाळ्या वाजवत उभा.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. गुलालाने लालभडक झालेला लेक पाहून तिने किंकाळीच फोडली.

"रक्त नाही गं, रंग आहे! जिंकलो आम्ही!"

"गोल तू केलास?" दर सामन्यानंतर ती हेच विचारायची.

"नाही. एक अडवला."

"मग तुला उचललंय कशाला?"

त्याने फोन गर्दीवरून फिरवला. भगवे फेटे, उधळलेला गुलाल, हजार तोंडांतून त्याच्याच नावाचा गजर.

मग पडद्यावर एकदम आभाळ दिसलं, कोंबड्या दिसल्या, कुणाच्या तरी चपला दिसल्या. आई फोनसकट गल्लीभर ओरडत पळत सुटली होती.

"काय म्हणत्यात रं आई?" त्याला रोज तांबडा रस्सा वाढणाऱ्या घरमालकीणकाकूंनी खालून विचारलं.

"सगळ्यांना सांगतीया, माझ्या पोरानं गोल केला!"

"मग?" काकूंनी त्याच्या दिशेने मूठभर गुलाल उधळला. "अडवला म्हंजे केलाच की!"