पाहणीचा गुरुवार

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि ती तिथेच थांबली. झाडी नव्हती.

दोन इमारतींच्या मधला हा लहानसा प्लॉट. गेल्या महिन्यात तिने रस्त्यावरून पाहिला तेव्हा कमरेएवढी काटेरी झुडपं होती, त्यांवर चढलेल्या वेली होत्या, मधल्या खळग्यात पाणी आणि त्यावर उतरणारे पक्षी होते. आता जमीन तासल्यासारखी दिसत होती. खळगा बुजवला होता. तोडलेल्या फांद्या कोपऱ्यात नीट रचल्या होत्या. फाटकापासून आत एक पायवाट काढली होती आणि तिच्या दोन्ही कडांना दगड ओळीने मांडून त्यांना चुना फासला होता.

"हा काय प्रकार आहे?" तिने विचारलं.

बिल्डरचा इंजिनिअर मागून आला. "मॅडम, सकाळी तुमचा फोन आला म्हणून आम्ही आठवड्याने आलोय. बघतो तर हे असं. खोटं कशाला बोलू, वाईट नाही वाटलं. पण आम्ही हात लावलेला नाही."

"आणि चुना?"

"तेच म्हणतो मी. चोरून तोडायचं असतं तर चुना कशाला लावला असता?"

"मला लावलाय हे कळावं म्हणून."

इंजिनिअर हसू दाबत बाजूला झाला.

ती पालिकेच्या उद्यान खात्यात निरीक्षक होती. नव्या नियमाप्रमाणे बांधकामाला परवानगी देण्याआधी जागेवर काय उगवतं आणि काय राहतं याची नोंद तिने करायची. हिरवाई भरपूर निघाली तर प्लॉटचा तिसरा हिस्सा हात न लावता सोडावा लागे. पण पाहणीच्या दिवशी दिसेल तेवढंच धरायचं, असंही नियमात होतं. म्हणून पाहणीची तारीख खात्याबाहेर जाऊ द्यायची नाही अशी सक्त सूचना असे. या एका प्लॉटसाठी तिने वरिष्ठांशी वर्षभर वाद घातला होता.

आणि तारीख फुटली होती.

फाटकावरचा म्हातारा वॉचमन खुर्ची सोडून उभा होता. ती त्याच्याकडे वळली.

"मजूर कोणी आणले?"

"मजूर आले नाहीत, ताई."

"मग झाडी काय चालत गेली?"

वॉचमनने टोपी काढून हातात घेतली. "बाहेरचं कोणी आलं नाही. एवढंच सांगतो."

"किती मिळाले तुम्हाला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या बैठ्या घरांकडे, आणि मान खाली घातली. त्याला लाज वाटत होती हे स्पष्ट दिसत होतं. अशी माणसं तिने नोकरीत पुष्कळ पाहिली होती.

"मला जास्त बोलायला लावू नका," तो म्हणाला.

तिने इंजिनिअरला सांगितलं, "हे इथे राहिले तर माझ्या तक्रारीत तुमच्या कंपनीचंही नाव येईल."

इंजिनिअरला फार विचार करावा लागला नाही. "काका, उद्यापासून येऊ नका."

वॉचमनने खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली, डबा पिशवीत घातला. जाताना त्याने तिला नमस्कार केला. त्याचा तिला जास्तच राग आला.

नोंदीच्या कागदावर झुडपं, वेली, पाणी, पक्षी या चारही रकान्यांत तिने "नाही" लिहिलं आणि सही केली. इंजिनिअरची गाडी वळणाआड जाईपर्यंत ती फाटकात उभी राहिली. मग रस्ता ओलांडून समोरच्या घराचं दार ढकललं. इथे आपले वडील राहतात हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

बाबा खिडकीपाशी बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता.

"ये. उठत नाही हं, कंबर धरलीय. चहा थर्मासमध्ये आहे, तूच ओत."

तिने दोन कप भरले. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला. तळव्यांना फडकी गुंडाळलेली होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"काही नाही गं. वय झालं."

ती खिडकीकडे पाठ करून बसली. लहानपणी ती त्याच झाडीत दिवसभर हिंडायची, आणि संध्याकाळी बाबा शाळेतली शिपायाची ड्युटी संपवून आले की पायरीवर बसून तिच्या फ्रॉकमधले काटे एकेक करून काढायचे. गेल्या आठवड्यात फोनवर तिने त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, नोकरीतलं सगळ्यात मोठं काम आहे, गुरुवारी तुमच्या समोरच्याच प्लॉटवर पाहणी आहे, कुठे बोलू नका. आता त्यांना काय तोंड दाखवायचं ते तिला समजेना.

"बाबा, समोरचं जे झालं…"

"बघितलं मी. इथूनच बघत होतो." त्यांचा आवाज भरून आला होता. "तू पुढे आणि ते इंजिनिअरसाहेब मागे. काटे नाही ना लागले कुठे?"

"नाही."

"लागतील कसे? शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा मी आवारात काडी राहू दिली नाही कधी. ही तर माझी पोरगी येणार होती." बाबा हसले. "त्या वॉचमनला बजावून ठेवलं होतं, माझं नाव सांगायचं नाही म्हणून. बोलला नाही ना तो?"