काचेतला डोंगर

मोपाची धावपट्टी मागे पडेपर्यंत यशवंत सरांनी नव्या विमानाची स्तुती तीनदा केली होती. चौथ्यांदा त्यांनी समोरच्या स्क्रीनवर बोटच टेकवलं.

"बघ गो. उंची, वेग, दिशा, सगळा एका काचेत. तुझ्या त्या घड्याळवाल्या विमानात डोळे सहा जागी फिरवूक लागतत."

"मगे फिरवतंय, सर. डोळे कित्याक आसत?" संजना हसली. "काटो हलाक लागलो काय माका आधीच कळता. हंयसर आकडो बदलता, तेव्हा काम होवन गेलला आसता."

हँगरमध्ये हा वाद वर्षभर चालला होता आणि तो संपावा असं दोघांनाही वाटत नव्हतं. पण आज वाद नव्हता, परीक्षा होती. जुनं विमान कंपनीनं विकायला काढलं होतं. खाणींचे हवाई फोटो काढायचं काम यापुढे या काचेच्या विमानातूनच होणार होतं, आणि त्याची कॅप्टन संजना होणार की नाही, हे उजवीकडे बसलेले यशवंत सर आज ठरवणार होते. संजनाला ती जागा हवी होती. मनापासून हवी होती, आणि ती आपल्याला जमेल याबद्दल तिला तसूभर शंका नव्हती.

"एक सांगून ठेवतंय," सर एकदम गंभीर झाले. "आंबोलीच्या ढगात तुझ्या त्या काट्यांवर मी सात मिनिटां काढलंय. डोंगर खंय आसा, ठावक नाय. देवाक हाक मारलंय. तेव्हापासून माझो एकच कायदो. काच ओरडली की वर जाऊचा. वाद घालूचो नाय."

माणूस थट्टा करत नव्हता.

डिचोली मागे टाकून ती सुर्ला-पाळीच्या खाणींवर आली. घरीच आली म्हणा ना, जन्म सुर्ल्याचाच. ठरलेल्या उंचीवर उतरून तिनं ऑटोपायलटला रेषा नेमून दिली. विमान सुतासारखं सरळ चालू लागलं आणि पोटाखालचा कॅमेरा फोटो घेऊ लागला. हे मात्र झकास आहे, असं तिनं मनातल्या मनात मान्य केलं. सरांना सांगायची काही गरज नव्हती.

तेवढ्यात काच लाल झाली आणि तिच्यातली बाई इंग्रजीत ओरडायला लागली. पुढे डोंगर, वर घ्या, पुढे डोंगर.

काचेत खरंच डोंगर होता. थेट नाकासमोर, आणि भराभर मोठा होत होता. संजनानं मान वर करून बाहेर पाहिलं. स्वच्छ ऊन. समोर मैल दोन मैल काहीच नाही. खाली खाणीचा लाल खड्डा आणि त्यात साचलेलं हिरवं पाणी.

वर गेलं तर रेषा मोडणार, फोटो वाया जाणार. नाही गेलं तर सरांचा कायदा मोडणार, आणि मग कॅप्टनपदाचं नाव काढायला नको.

"संजना, वर!"

"समोर मोकळा आसा, सर. माका दिसता. लायन सोडूची ना."

सरांचा हात त्यांच्या बाजूच्या कंट्रोलकडे गेला.

"विमान माझ्याकडे आसा, सर," ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "काच नाका बघू. भायर बघा."

हात तिथंच थांबला. काचेतल्या डोंगरात विमान शिरलं. सगळी काच लाल झाली, बाई घसा फोडून ओरडत राहिली, आणि विमान पलीकडून आरामात बाहेर पडलं. साधा धक्कासुद्धा बसला नाही.

सरांनी कपाळ पुसलं. बाहेर त्यांनी पाहिलं होतं, पण बऱ्याच उशिरा. "यंत्र चुकला," ते म्हणाले.

"चुकूक ना, सर. तेच्यातलो नकशो जुनो आसा. डोंगर होतो थंय." संजनानं मागच्या खड्ड्याच्या दिशेनं हनुवटी हलवली. "माझ्या बाबांनी न्हेलो तो. खाणीर ट्रक चलवायचे ते. खेपो मारून मारून अख्खो न्हेलो."

पुढच्या रेषेसाठी तिनं विमान वळवलं आणि डोंगर पुन्हा काचेत आला, या वेळी दुसऱ्या अंगानं. त्याचा माथा गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला तो आठवत नव्हता. आई कधीतरी बोलायची, तिथं काजू वेचायला जायचो म्हणून. बाबा कधीच बोलले नव्हते. संजनाला एकदम गलबलून आलं. सहा घड्याळांनी तिला हे कधी दाखवलं नसतं.

"सर, फुडली लायन घेण्याआधी वयल्यान एक फेरी मारू? ह्या काचेचो फोटो काढूचो आसा. बाबांक दाखवूक."

"माका कित्याक विचारतस?" यशवंत सर म्हणाले. "कॅप्टन तू."

बाई गप्प होईपर्यंत संजनानं विमान वर घेतलं. आता काचेत डोंगर पायथ्यापासून सगळा दिसत होता. सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि काचेसमोर नीट धरला.

"माथो पुराय येवंदी, सर," ती म्हणाली. "बाबांनी सुरवात थंयसूनच केल्ली."