सगळ्यात लांब पट्टी

कात्र्यांच्या कारखान्याच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकं कुठून येतात ते सांगणारी सॉफ्टवेअर लायब्ररी तिने बसवली. आलेखात शोध, जाहिरात, ईमेल अशा पट्ट्या उमटल्या. सगळ्यात लांब पट्टी मात्र ‘अज्ञात’ची. “जाहिरातच असणार, नीट बघ!” साहेब खेकसले. अज्ञातांनी वेबसाइटचा पत्ता हाताने टाइप केला होता, पुढे प्रत्येकाचा वेगळा आकडा. आकडे घेऊन ती कारखान्यात उतरली. कात्र्यांवर नावं कोरणारे काका भिंग लावून बसले होते. सोमवारपासून त्यांच्या जागी स्टिकर येणार होते. आकडे बघून ते म्हणाले, “कात्रीचा नंबर तो. पत्त्यापुढे मीच कोरतो. धार गेली तर माणसाने विचारायचं कुणाला?” “सगळ्या कात्र्यांवर?” “बारा वर्षं झाली.” तिने कात्री उघडली. पात्याच्या आत मोहरीएवढी अक्षरं लखलखली. वर येऊन तिने लायब्ररीत नियम वाढवला: पत्त्यापुढे कात्रीचा नंबर असेल, तर ते गिऱ्हाइक ‘अज्ञात’ नाही. पडदा साहेबांकडे वळवला. सगळ्यात लांब पट्टीवर नाव होतं: ‘काका’.