घरची विचारपूस

“वहिनी कशा आहेत, उगले?” लेथ मशीनपाशी थांबून मॅनेजर देवस्थळींनी विचारलं. कामगारांशी घरच्यांविषयीही बोलावं, असं कालच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं.

उगल्यांनी मशीन बंद केलं. हातातल्या फडक्याने बोटं पुसली, पुन्हा पुसली. “बरी आहे, साहेब.”

शेजारच्या मशीनवरच्या कामगाराने मान खाली घातली.

देवस्थळी खुशीत केबिनमध्ये परतले. प्रत्येकाच्या घरची माहिती आता पाठच करायची, म्हणून त्यांनी उगल्यांची फाइल उघडली. वरच मार्चमधला रजेचा अर्ज होता. कारण: पत्नीचे निधन. दिवस: तेरा.

अर्ज त्यांनीच मंजूर केला होता. ‘तेरा’वर काट मारून शेजारी ‘पाच’ लिहिलं होतं. हिरव्या शाईत, त्यांच्याच अक्षरात.