एकदा हॉलमध्ये ऐक

"नुसती ही डबी? स्टेजवर स्पीकरच ठेवणार नाहीस?" रुचिराने विचारलं.

सुयोग ती काळी डबी टॉवेलात गुंडाळत होता, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी. "डीआय बॉक्स म्हणतात गं हिला. गिटारच्या मोठ्या स्पीकरचा आवाज हिच्यातच तयार होतो. दोन वायरी निघतात, डावी नि उजवी, त्या थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. मग बघ, हॉलभर दोन्ही बाजूंनी!"

"म्हणजे स्पीकर नाही, पण आहे असं समजायचं. तुझ्यासारखंच."

"माझ्यासारखं काय?"

"वादक नाहीस, पण आहेस असं समजायचं."

सुयोग हसला. त्याचं हे हसणंच तिच्या डोक्यात जायचं. दिंडोशीच्या वन रूम किचनमध्ये दोन वर्षं हेच चाललं होतं. ऑफिसातून आला की हा हेडफोन लावून कोपऱ्यात बसायचा. डबीतला आवाज ह्याच्या एकट्याच्या कानात. घराला ऐकू यायची ती नुसती तारांची टिकटिक, फडताळात उंदीर काहीतरी कुरतडतोय अशी. डोळे मिटून मान डोलवणाऱ्या नवऱ्याकडे ती भाजी निवडता निवडता बघायची, आणि कान मात्र लेकीच्या श्वासाकडे. दीड वर्षाच्या पोरीला दम लागायचा. वाफेचं मशीन कायम हाताशी. ऑफिसचा मेडिक्लेम होता म्हणून मागच्या वर्षी दोनदा तिला चांगल्या हॉस्पिटलात ठेवता आलं.

आणि ह्या माणसाला ती नोकरी सोडून गिटार वाजवायची होती.

भांडून भांडून दोघं दमली तेव्हा सुयोगनेच तोड काढली. "घरात तू मला ऐकलंच नाहीस कधी. एकदा हॉलमध्ये बसून ऐक. नाही पटलं, तर गिटार माळ्यावर. पुन्हा नाव काढणार नाही. पटलं, तर राजीनामा."

संधीही लगेच आली. मुलुंडच्या नाट्यगृहात रविवारी जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि ऑर्केस्ट्राचा नेहमीचा गिटारवाला आजारी पडला.

लेकीला सासूबाईंकडे ठेवून रुचिरा दुपारी साडेतीनलाच पोचली. साउंडला मितेश होता, घाटकोपरचा, तिच्या कॉलेजातला. ती सरळ त्याच्या मिक्सरपाशी गेली.

"मितेश, एक काम कर. सुयोगचा आवाज बंद ठेव."

"काय?"

"हॉलला जाऊच देऊ नको. त्याच्या कानात राहू दे, घरी असतो तसा. स्टेजवर स्पीकर नाहीच त्याचा, त्याला कळणारसुद्धा नाही."

"यार, नवरा आहे तुझा. वाट लावायची त्याची?"

"आमची वाट लागू नये म्हणूनच सांगतेय. एक टाळी पडली नाही की येईल जमिनीवर. पोरगी आहे रे मला."

मितेशने एकदा मिक्सरकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "बघतो," म्हणाला.

कॉलेजातही तो सगळ्यांना 'बघतो'च म्हणायचा. कधी काही बघितलं नव्हतं मेल्याने.

पडदा वर गेला. सुयोग डावीकडे उभा होता, लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यासारखं लाल जाकीट घालून. कानात इयरफोन. मधलं बटण पोटावर कसंबसं तग धरून होतं.

"तुमचं कोणी आहे का स्टेजवर?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"छे, कोणी नाही," रुचिरा म्हणाली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. गिटार ऐकू येत होती. मितेशने काही केलंच नव्हतं! ती मागे वळून त्याच्याकडे बघत राहिली, पण तो मान खाली घालून कामात.

तिसऱ्या गाण्यात गायक बाजूला झाला आणि सुयोग पुढे आला. रुचिराने पर्स घट्ट धरली. आता पडणार तोंडघशी.

तो पडला नाही. गिटार दोन्ही बाजूंनी आली, स्वच्छ, भरदार, कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. घरातला तो उंदीर कुठे, आणि हे कुठे! शेवटच्या सुरावर त्याने हात उंच उचलला तरी सूर हॉलभर रेंगाळत राहिला. डबीची करामत असणार, तिला वाटलं. अख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला.

"कोण हो हा?" शेजारच्या बाई म्हणाल्या.

रुचिरा अजून टाळ्याच वाजवत होती. "माझा नवरा," ती म्हणाली.

उरलेला कार्यक्रम तिने स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी अशा अवस्थेत काढला. दोन वर्षं आपण ह्याला हिणवलं. मेडिक्लेमचं काय, आपणही नोकरी धरू. डिग्री काय लोणचं घालायला घेतलीय?

कार्यक्रम संपला तशी ती विंगेत धावली. सुयोग घाम पुसत उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा एवढासा झाला. "बोल. माळ्यावर?"

"राजीनामा दे."

"रुचिरा, थट्टा नको हां."

"मेल दोन महिने लिहून ठेवलायस ना? पाठव. आत्ता, माझ्यासमोर. उद्या माझंच मन फिरेल."

त्याने फोन काढला. "गेला," तो म्हणाला आणि डोळे पुसत डबी आणायला स्टेजकडे वळला.

मितेश वायरी गुंडाळत विंगेत आला. रुचिराने त्याचा हातच धरला. "बरं झालं बाबा, माझं ऐकलं नाहीस."

"ऐकलं नाही?" मितेश चिडला. "नवा माणूस असला की आम्ही नेहमीच्या गिटारवाल्याची गिटार आधीच रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये आणतो, तीच वाजवली सगळी. तुझ्या नवऱ्याचा एक सूरही मी बाहेर जाऊ दिला नाही."